पट्टा पडला की घरी जाता यावं

दसऱ्यानंतर चुलतभावाचा फोन आला. शिरूर कासार तालुक्यातल्या आमच्या गावी राहतो, आयटीआय केलंय, फिटर आहे, वय चोवीस. एका फोनमध्ये तो दोन गोष्टी बोलला. आधी म्हणाला, "आक्का, मी जर्मन भाषेचा क्लास लावलाय, तिकडं माझं काही होतंय का बघ." मग दहाएक मिनिटांनी म्हणाला, जालन्याच्या स्टील कारखान्यांत सगळी भरती बिहार-झारखंडच्या पोरांची होते, आपल्या पोरांना गेटवरूनच परत पाठवतात, या बाहेरच्यांना एकदा घालवून दिलं पाहिजे.

या दोन बोलण्यांत काही अंतर आहे असं त्याला वाटलं नाही. मलाही त्याचा राग आला नाही. दोन्ही बोलणी एकाच ठिकाणाहून आलेली होती: हाताला काम नाही, शेत कोरडवाहू, आणि लग्नाचं वय पुढे सरकतंय. पण त्याला मी लगेच उत्तर देऊ शकले नाही. तेव्हापासून जे मनात घोळतंय ते इथे लिहितेय.

मी केल नावाच्या गावात राहते. जर्मनीच्या अगदी कडेला, ऱ्हाइन नदीच्या काठी. पलीकडच्या काठावर फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग. २०१७ पासून स्ट्रासबुर्गची ट्राम पूल ओलांडून आमच्या गावात येते. माझ्या रुग्णालयाच्या वॉर्डातल्या दोघीजणी रोज फ्रान्समधून ड्युटीला येतात आणि संध्याकाळी फ्रान्सला परत जातात. ज्या नदीवरून या दोन देशांनी तीन मोठी युद्धं केली, ती नदी त्या डबा पिशवीत टाकून ओलांडतात. १९८५ ला शेंगेन गावी करार झाला, १९९५ ला सीमेवरची तपासणी उठली, आणि आता इथल्या तरुण मुलींना त्याचं काही वाटतही नाही. मला अजून वाटतं. कारण मी परिचारिका म्हणून २०१९ मध्ये आले तेव्हा माझ्या निवास परवान्याला जोडलेल्या कागदावर रुग्णालयाचं नाव छापलेलं होतं. नोकरी बदलायची तर आधी सरकारी परवानगी. एकाच वॉर्डात, एकाच कामाला आम्ही तिघी, आणि त्यातली एकच जण जागेला बांधलेली.

त्याहून मोठी गाठ परवान्यात नव्हती, करारात होती. मला इथे आणणाऱ्या संस्थेच्या करारात सातव्या पानावर एक कलम होतं: तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली, तर भाषेचा क्लास, विमानाचं तिकीट, कागदपत्रांची मान्यता, सगळा खर्च मी परत करायचा. आकडा होता आठ हजार युरो. सही करताना मी तो वाचला होता, पण त्याचा अर्थ इथे आल्यावर कळला. रात्रपाळ्या एकामागून एक लागायला लागल्या आणि नाही म्हणायची सोय नाही हे लक्षात आलं. फोनवर दादांना, म्हणजे वडिलांना, हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मंग ही उचलच की गं."

ज्यांना उचल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझे आईवडील म्हणजे एक कोयता. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. एकटा माणूस अर्धा कोयता. हंगामाच्या आधी मुकादम जोडीला आगाऊ रक्कम देतो, ती उचल. माझ्या लहानपणी आमची उचल पंधरा-वीस हजारांची असायची, आता लाखाच्या घरात जाते. ती घेतली की दिवाळीच्या आसपास ट्रकमध्ये भांडी, शेळी, लेकरं, पीठ भरून सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर कर्नाटकात बेळगावकडे निघायचं. फडाजवळ कोपी, म्हणजे झोपडी, बांधायची. पहाटे तीनला उठून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, रात्री कधीही गाडी आली की डोक्यावरून भरायच्या. तोडलेल्या टनांच्या हिशोबाने उचल फिटते. एक दिवस आजारी पडलं तर खाडा, त्याचे पैसे कापून. हंगामअखेर उचल फिटली नाही तर उरलेली पुढच्या वर्षावर. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की गावाकडे परत.

माझी आजी गेली तेव्हा आम्ही सांगली जिल्ह्यात होतो. आजारी असल्याचा निरोप आठ दिवस आधी आला होता. दादांनी मुकादमाकडे दोन दिवस मागितले. उचल बाकी होती, टोळीतला एक कोयता कमी झाला तर गाडी भरत नाही, आणि गेलेला माणूस परत येईलच याची त्याला खात्री नव्हती. दादा गेले ते तिसऱ्याच्या विधीला. मी नऊ वर्षांची होते. पुढच्या वर्षी मला वसतिगृहात ठेवलं आणि मी शिकले, एवढंच माझ्यात आणि माझ्या बरोबरीच्या मुलींत अंतर. त्यातल्या कितीतरी जणी आज स्वतः कोयता आहेत. २०१९ मध्ये सरकारी समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची माहिती आली, त्यात तेरा हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. मी परिचारिका आहे, या आकड्यावर मला शांतपणे बोलता येत नाही. मासिक पाळी चुकवता येत नाही आणि खाडा परवडत नाही, म्हणून बाई अवयव काढून टाकते. शिरूर कासार ते सांगली या वाटेवर एकही सीमा नाही. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही. राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने देशात कुठेही फिरायचं, कुठेही राहायचं स्वातंत्र्य दिलंय. माझे आईवडील जिथे पाहिजे तिथे जायला पूर्ण मोकळे होते. मोकळे नव्हते ते काम सोडायला.

सीमा उघड्या ठेवा की बंद करा, या वादात मला नेमकं हेच सापडत नाही. इथे जर्मनीत निवडणूक आली की प्रश्न एकच: किती जण घ्यायचे. आपल्याकडेही तोच प्रश्न उलटा करून: बाहेरचे किती जण ठेवायचे. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिक असा कायदा केला, तो २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला. कर्नाटकने २०२४ मध्ये तसंच विधेयक आणलं आणि उद्योगांनी ओरड करताच बाजूला ठेवलं. महाराष्ट्रात ८० टक्के स्थानिकांची भाषा तर माझ्या जन्माच्या आधीपासूनची. दुसऱ्या टोकाला काही अर्थतज्ज्ञ सांगतात की माणसांवरची सगळी बंधनं उठली तर जगाचं उत्पन्न पन्नास ते दीडशे टक्क्यांनी वाढेल. मायकेल क्लेमेन्स यांनी २०११ मध्ये असे अंदाज एकत्र मांडले होते. त्यामागचं तत्त्व मला पटतं, माझ्या हातात येणाऱ्या पगारावरूनच पटतं. तेच सलाईन, तेच व्हेंटिलेटर, तेच हात. छत्रपती संभाजीनगरला एका खासगी रुग्णालयात मला चौदा हजार रुपये मिळत होते, इथे कर-विमा कापून सव्वादोन हजार युरोंच्या वर मिळतात. माझी हुशारी विमानात बसून वाढलेली नाही. पण माणूस जागा बदलून किती कमावतो एवढं मोजलं की ज्याच्या हाताखाली तो कमावतो त्याला सोडून जाता येतं का, हे मोजायचं राहतं.

एप्रिल ते जून हा इथला श्पारगेलचा हंगाम. पांढरा शतावरीसारखा कोंब, आपल्या शतावरीच्याच कुळातला. तो हाताने खणूनच काढावा लागतो, आणि ते काम करायला रुमानियातून, पोलंडमधून माणसं येतात. २४ जूनला काढणी थांबवायची रीत आहे. मला तो दिवस पहिल्यांदा कळला तेव्हा मी लगेच मनात म्हटलं, पट्टा पडला. दोन वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डात असाच एक रुमानियन कामगार होता, पन्नाशीचा, कमरेचा मणका सरकलेला. त्याची कमर आणि दादांची कमर सारखीच. राहण्याच्या खोलीचे पैसे मजुरीतून कापतात, थोड्या मुदतीचं काम म्हणून पेन्शनच्या हप्त्यात धरत नाहीत, हे सगळं त्याने सांगितलं. त्याच्या गावात मुलं आजी-आजोबांपाशी वाढतात, तेही सांगितलं. शिरूर, पाटोदा, धारूरच्या वस्त्यांवर दिवाळीनंतर जे दिसतं तेच. मोकळ्या वाटेने गावं रिकामी होतात हे खरं आहे, आणि बाहेर जाण्याच्या बाजूने बोलताना मी ते लपवणार नाही. पण एक गोष्ट तो अगदी सहज बोलून गेला. आधीच्या शेतावर मालक हिशोब नीट देईना, म्हणून आठवड्याभरात सामान उचलून हा दुसऱ्या शेतावर आला. त्याला कुणाची परवानगी लागली नाही, कारण रुमानिया २००७ पासून युरोपीय संघात आहे आणि २०१४ पासून त्याच्या लोकांना जर्मनीत कुठेही काम करता येतं. दादांच्या पस्तीस हंगामांत असा एकही आठवडा आला नाही.

२०२० ने हे सगळं उघड्यावर आणलं. मार्चमध्ये आमच्या पुलावरची ट्राम बंद झाली, पुलावर पोलीस उभे राहिले. सीमा बंद, पण शेतात कोंब वर येत होते. जर्मन सरकारने एप्रिल आणि मे मिळून ८० हजार हंगामी कामगारांना यायची मुभा दिली. रुमानियातून खास विमानं भरून माणसं आली. आमच्याच राज्यात, फ्रायबुर्गजवळच्या एका शेतावर, त्यातला एक कामगार कोविडने गेला. त्याच दिवसांत आपल्याकडे सव्वा लाखाहून जास्त ऊसतोड कामगार कारखान्यांच्या आवारात, फडांच्या कडेला अडकले होते. दादा-आई तेव्हा कर्नाटकच्या सीमेजवळ होते. पट्टा पडलेला, रेशन संपलेलं, जिल्ह्याच्या वेशीवर अडवणूक. एप्रिलच्या मध्यावर राज्य सरकारने गावी जायची परवानगी दिली तेव्हा कुठे ते हलले. मी इथे कोविड वॉर्डात होते आणि दर दोन तासांनी फोन लावत होते.

आणि मग ८ मे. जालन्याच्या स्टील कारखान्यातले वीस कामगार, मध्य प्रदेशचे, रुळांवरून चालत भुसावळकडे निघाले होते. तिथून गावाकडे जाणारी रेल्वे मिळेल या आशेवर. करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले. पहाटे मालगाडी आली. सोळा जण गेले. रुळांवर पडलेल्या भाकरींचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय. जालन्यापासून करमाडपर्यंतचा तो रस्ता माझ्या ओळखीचा आहे, कॉलेजच्या सुट्टीत त्याच बाजूने बसने जायचे. त्या सोळा जणांना जालन्यात यायला कुणी अडवलं नव्हतं. घटनेने त्यांना तो हक्क दिलेला होता. पण परत जायची वेळ आली तेव्हा त्यांच्यापाशी पास नव्हता, गाडी नव्हती, आणि महिनाभर बंद कारखान्याच्या शेडमध्ये त्यांना पोसणार कोण याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

चुलतभावाने "बाहेरच्यांना घालवून द्या" म्हटलं तेव्हा मला आधी हे सोळा जण आठवले. त्याला मी नंतर फोन करून सांगितलं ते असं: मालक बिहारच्या पोराला घेतो ते तो जास्त कष्टाळू आहे म्हणून नाही. तो कारखान्याच्या शेडमध्येच झोपतो, बारा तासांची पाळी करतो, भांडला तर रात्री जायला घर नाही, गावाकडे ठेकेदाराची आगाऊ रक्कम फेडायची आहे. सांगलीचा कारखाना स्थानिक पोरांना सोडून बीडची माणसं नेतो तेही याच कारणाने. म्हणजे तुझी जागा बिहारच्या पोराने घेतली नाही, त्याच्या गळ्यातल्या दोरीने घेतली. उद्या त्याला काम सोडता यायला लागलं, तक्रार करता यायला लागली, आठ तासांवर ओव्हरटाइम मागता यायला लागला, तर तो मालकाला तुझ्याइतकाच महाग पडेल. मग गेटवर तुला कोण परत पाठवेल? तो म्हणाला, "हे बोलायला बरं हाय आक्का, पण मला काम आज पायजे." त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं, आणि अजून नाही. पण घालवून दिल्यानेही त्याला काम आज मिळणार नाही, मालक दुसऱ्या जिल्ह्यातली दोरी शोधेल.

एक जुनी गोष्टही त्याला सांगितली, आमच्या पणजोबांची. १९४८ पर्यंत आमचं गाव निजामाच्या राज्यात होतं आणि पाथर्डी आधी इंग्रजांच्या, मग स्वतंत्र भारताच्या मुलुखात. वाटेत करोडगिरी नाका, म्हणजे जकातीचा. आपल्याकडचा हाली रुपया तिकडे चालायचा नाही, तिकडचा कलदार हवा. पणजोबा पाथर्डीच्या बाजाराला जायचे म्हणजे परदेशात जायचे, पायी. रझाकारांच्या धामधुमीत तिकडच्या गावांनीच इकडच्या माणसांना आसरा दिला. मग ते नाके उठले, हाली नाणं गेलं, आणि आज पाथर्डीचा माणूस परका आहे असं आमच्या गावात म्हटलं तर लोक खुळ्यात काढतील. तीन पिढ्यांत एवढा बदल होतो. केलच्या पुलावरही तेवढ्याच काळात झाला.

दारं घट्ट केल्यावर काय होतं याचा एक धडा जर्मनीनेच घेतलाय, तरी तो इथल्या चर्चेत क्वचित येतो. १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून जर्मनीने कामगार बोलावले, पाहुणे कामगार म्हणून. बरेच जण दोन-चार वर्षं कमवायचे आणि परत जायचे. नोव्हेंबर १९७३ मध्ये तेलसंकटाच्या वेळी सरकारने भरती थांबवली. उद्देश असा की परक्यांची संख्या कमी व्हावी. झालं उलटं. एकदा गेलो तर परत येता येणार नाही हे कळताच तुर्की कामगारांनी परत जाणं सोडलं आणि बायका-मुलांना इकडे आणलं. इटलीचे कामगार मात्र युरोपीय समुदायातले, त्यांना दार उघडंच होतं, ते येत-जात राहिले. परत येता येणार असेल तरच माणूस घरी जातो. आमच्या गावाला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही; पट्टा पडला की सगळी गाडी गावाकडे वळते, कारण पुढच्या दिवाळीला वाट तशीच असणार हे ठाऊक असतं.

माझ्या कपाटात गेल्या वर्षापासून एक अर्ज पडून आहे. २०२४ च्या जूनपासून जर्मनी पाच वर्षांनी नागरिकत्व देते, आणि आधीचं सोडा असंही म्हणत नाही. भारत म्हणतो. मी जर्मन झाले तर भारतीय पासपोर्ट जातो. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड मिळेल, पण दादांच्या दोन एकरांशेजारचं शेत विकायला निघालं तर मला ते विकत घेता येणार नाही. आणि नाही झाले, तर आधी मुदत वाढवून न घेता सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिल्यास माझा इथला परवाना संपतो. दादांची कमर आता पार गेलीय. वर्षभर त्यांच्यापाशी राहावं असं रोज वाटतं. वर्षभर भारतात राहून हमखास परत यायचं असेल तर मला आधी भारतीय असणं सोडावं लागेल, असा हा नियम आहे. मला इथे कायमचं राहायचंय की नाही हे मी ठरवलेलं नाही. नियम माझ्याकडून ते ठरवून घेतो. दादा फोनवर विचारतात, "तुझा पट्टा कवा पडायचा गं?" आणि मी विषय बदलते.

आता घरच्या चर्चेकडे येते, कारण लिहायला बसले ते त्यासाठी. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने माझ्या या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, दहा हजार कुशल कामगार पाठवायचं ठरलं. त्याच वर्षी जर्मनीने भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर न्यायचं जाहीर केलं. मराठवाड्यातल्या तालुक्या-तालुक्यांत भाषेचे क्लास निघालेत. मला याचा आनंद आहे. आमच्या गावातून कोयत्याऐवजी पाना घेऊन कुणी बाहेर पडत असेल तर मी त्याला वेशीपर्यंत सोडायला येईन. पण या सगळ्या बोलण्यात मी आकडेच ऐकते: किती जाणार, पगार किती. करार कोणत्या भाषेत असेल, खर्च कोण करणार, मधला माणूस कोण, सोडून जायचं झालं तर काय, हे विचारणारं कुणी दिसत नाही. १९७६ मध्ये आपल्या देशाने कर्जाच्या बदल्यात श्रम बांधून घेणं कायद्याने बंद केलं. १९७९ मध्ये स्थलांतरित कामगारांचा कायदा केला, तोही राज्याबाहेर जाणाऱ्यांपुरता. बीडहून सांगलीला जाणारा कोयता त्यात बसलाच नाही. उचल आजही राजरोस चालते. जे आपण तीनशे-साडेतीनशे किलोमीटरवर आपल्याच माणसांसाठी सोडवलं नाही, ते सात हजार किलोमीटरवर आपोआप सुटेल असं धरून चालू नये.

सरकारने असे करार करावेतच. त्यांत एवढं लिहून घ्यावं की कामगाराकडून भरतीचा खर्च वसूल होणार नाही आणि मालक बदलला म्हणून कुणाचा परवाना जाणार नाही. आणि तेच कलम मुकादमाच्या वहीलाही लागू करावं, जालन्याच्या शेडलाही. जर्मनीकडे एक हक्क मागायचा आणि जालन्यात तोच नाकारायचा, हे मला माझ्या भावाच्या तोंडूनही सहन होणार नाही, आणि हे मी त्याला स्पष्ट सांगितलंय.

माझी तीन वर्षं २०२२ मध्ये पूर्ण झाली. आठ हजारांचं कलम त्या दिवशी संपलं आणि महिनाभरात मी रुग्णालय बदललं. दादांना फोन केला तर ते म्हणाले, "फिटली म्हण की." मग बराच वेळ ते आजीविषयी बोलत राहिले.

भाऊ जर्मन भाषेच्या बी-वन परीक्षेला बसतोय. एका संस्थेने त्याला कराराचा मसुदा देतो म्हटलंय, अठरा पानांचा, इंग्रजीत. सही करायच्या आधी मला पाठव, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. आला की आधी नोकरी सोडण्याचं कलम शोधणार आहे, मग पगार बघेन.